सोनेरी रेघेतला बोळ

आमच्या घरात रक्त सांडलं ते एका शोभेच्या नकाशावरून. बांधावरून, पाण्यावरून डोकी फोडणारी भावकी सगळ्यांनी पाहिलेली असते, आमच्या भावकीनं पोस्टरवरून फोडली. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

अण्णा, माझा थोरला भाऊ, बेंगळूरला नोकरीला. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराला रंग दिला तेव्हा त्यानं ते पोस्टर आणलं. काचेच्या फ्रेममध्ये, काळ्या कागदावर सोनेरी रेघांनी काढलेलं अख्खं बेळगाव. गल्लीचं नाव नाही, देऊळ नाही, नुसते रस्ते. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, पण सोप्यात टांगल्यावर मलाही ते आवडलं होतं.

सत्यनारायणाला मागच्या गल्लीतला चुलतभाऊ आला. पूर्वी आमच्या घराच्या कडेनं बोळ होता, आणि त्याच्या घरची माणसं साड्यांचे गठ्ठे घेऊन तिथूनच मोठ्या रस्त्याला जायची. जागा आमची. साड्या विणायचा दुसरा माग बसवायचा म्हणून आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, भिंत घालून बोळ बंद केला. तेव्हापासून त्याला गठ्ठा डोक्यावर घेऊन देवळाला वळसा घालावा लागायचा. बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

प्रसादाचा द्रोण हातात धरून तो पोस्टरसमोर उभा राहिला.

"बोळ हाय की रं हितं," तो अण्णाला म्हणाला. "मग भिंत कुणाच्या हुकमानं घातलीसा?"

"शोभेचं हाय ते. जुनं बघून छापलंय कुणीतरी."

"छापलंय न्हवं? मग झालं."

त्यानं मोबाईलवर फोटो काढला आणि द्रोण तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन आला. भिंतीवर पहिला घाव बसला तसे आप्पा मागावरून उठून धावले आणि भिंतीवर उजवा हात पसरून उभे राहिले. तो थांबला नाही. पहार मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकं जळण मोडावं तसा. अण्णानं सोप्यातलं पोस्टर खिळ्यावरून ओरबाडलं आणि धावत येऊन चुलतभावाच्या डोक्यात घातलं. काच फुटली, कपाळ फाटलं. तो खाली पडला तरी अण्णा तुटक्या चौकटीनं मारतच होता. त्याला अडवायचं माझ्या मनातही आलं नाही. मी वीट उचलली होती, आणि ती मी नक्की घातली असती.

"सोडा त्येला," आप्पा मोडका हात पोटाशी धरून म्हणाले. "माझ्या भावाचं रगत हाय त्ये."

वीट माझ्या हातातून गळाली.

पोलिसांकडे कुणीच गेलं नाही. आप्पांचं मनगट सांधलं, पण बोटं मिटत नाहीत. मागावर तुटलेला धागा आता मीच जोडते. फुटलेली भिंत त्यांनी परत बांधू दिली नाही, उरलेलीही पाडायला लावली, आणि दुसऱ्या मागाचा विषय कुणी काढत नाही.

बोळ मोकळा आहे. चुलतभाऊ कपाळावरचा व्रण घेऊन, डोक्यावर गठ्ठा घेऊन, अजूनही देवळाला वळसा घालून जातो. सकाळी आप्पा बोळाच्या मागच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. तो घरातून निघाला की पाय जवळ ओढून घेतात, त्याला जायला वाट व्हावी म्हणून. तो मान खाली घालून पुढे जातो. मग आप्पा पाय परत लांब करतात.