पूल म्हणावे की उतार?

हिवाळ्याच्या सकाळी चोपड्याच्या बाजूला केळीच्या बागेतून चालत जावे, आणि पानापानांवरून ओघळणाऱ्या दवाने टाळूपासून टाचेपर्यंत न्हाऊन निघावे! वर आकाश निरभ्र, नितळ, आणि खाली आपण इतके ओलेचिंब, की समोरून येणाऱ्याने विचारावे, "भाऊ, कोन्या नदीमा पडनात?" त्यातच कुठेतरी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर भरताची वांगी टाकलेली असतात. तो धुरकट, गोडसर, तेलकट वास एखाद्या अदृश्य वेसणीसारखा नाकात अडकतो आणि माणसाला बांधाबांधाने ओढत नेतो. माझे तर असे निरीक्षण आहे की या वासाने सातपुडाही दर हिवाळ्यात दोन पावले खाली सरकतो. खोटे वाटत असेल तर मोजून पाहा. मी मोजले आहे.

कारण मोजणे हाच माझा छंद. कुणी तिकिटे जमवतो, कुणी आजार. मी पायवाटा जमवतो. जळगावात मेहरूणच्या तलावाभोवती चालून चालून तो तलाव मी काठाने झिजवला, तेव्हा घरच्यांनीच मला गावाबाहेर पिटाळले. मग मी इंटरनेटवरच्या एका नकाशाच्या नादी लागलो. हा नकाशा हौशी माणसांचा. जगभरातून कुणीही त्यात वाट काढावी, विहीर टिपावी, दुसऱ्याची चूक सुधारावी. पगार नाही, हुद्दा नाही, आणि भांडणे मात्र भरपूर. त्या भांडणांतले सर्वांत रसाळ भांडण म्हणजे पायवाट ओहोळाला भेटते त्या ठिकाणाचे! माणूस तिथे पाणी ओलांडतो, हे खरे. पण ओलांडतो कशावरून? पूल आहे, मोरी आहे, फरशी आहे, मांडलेले दगड आहेत, की नुसताच उतार, म्हणजे धोतर खोचा आणि घाला पाय? नकाशाला उत्तर लागते, आणि तेही एकच. अहो, दोन काठांचे नाते काय आहे, हे काठांना तरी एका शब्दात सांगता येईल का?

एवढ्या ओहोळांना मी नावे ठेवली (म्हणजे वर्गवारीने), पण अडलो तो नानांच्या नाल्यावर. नाना हे केळी-कापसाचे शेतकरी, माझे वाटेवरच जडलेले स्नेही. त्यांच्या शेताच्या कडेने एक नाला जातो, आणि नाल्यापलीकडे हाकेच्या अंतरावर त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, सासर. एका वर्षी अक्का पाणी ओलांडताना शेवाळावर घसरल्या, गुडघा दुखावला, आणि घाबरलेल्या नानांनी तिथल्या तिथे त्यांना आण घातली: "परत या पानीमा पाय टाका, तर मनी आन शे तुले!" झाले! आपल्याकडे आण म्हणजे काय सांगू! कोर्टाचा हुकूम वरच्या कोर्टात फिरतो. आण घालणाऱ्याने स्वतः "सुटली" म्हणेपर्यंत ती ब्रह्मदेवालाही सोडवता येत नाही. अक्का चोपड्यावरून यष्टी बदलून, सारी पंचक्रोशी फिरून, भाऊबीजेला येऊ लागल्या. पुढे गुडघ्याला यष्टीची पायरीही चढवेना. मग नुसत्या हाका उरल्या. इकडून नाना ओरडायचे, तिकडून अक्का. मधल्या नाल्यातले बेडूक म्हणे दोघांचे निरोप पाठ करून बसले होते.

आणि मग पुराने आहेर आणला. सादड्याचा एक अजस्र ओंडका वाहत आला. किती मोठा? नाना म्हणतात, पहिले टोक सोमवारी आले आणि दुसरे गुरुवारी. मी एवढे म्हणणार नाही; मंगळवारी आले असावे. नानांनी बैल लावून तो नाल्यावर आडवा टाकला, वरून वाकसाने तासून सपाट केला, आणि एका अंगाला काठ्या रोवून त्यांना ठिबकची जुनी नळी गुंडाळली. "हाऊ कठडा," ते म्हणाले. मी त्या कठड्याकडे पाहिले. त्याला टेकून विश्रांती घेणारा माणूस थेट तापीत सापडला असता.

"भाऊ, नकाशामा पूल लिखा."

"नाना, हा ओंडका आहे."

"पूरमा व्हता तव्हय ओंडका व्हता. आते पूल शे. पूलले पूल म्हनाले तुमना काय जास?"

माझे काय जाणार होते? पण एखादा परका माणूस मोबाइलवर पूल पाहून मोटरसायकल घालील, त्याचे सर्वस्व जाईल! आणि नानांचे काय पणाला लागले होते, तेही मला उमगले. अक्कांनी पलीकडून निरोप धाडला होता: ओंडक्यावर चढायला मी काय माकड आहे? पूल झाला की येईन. नातू मोबाइलमध्ये बघून सांगेल, पूल आहे की नाही ते. म्हणजे एका शब्दावर एका बहिणीचे माहेर अडले होते! वर्गवारीच्या एवढ्याशा रकान्यात केवढा हा जिव्हाळा मावायचा! शेवटी मी एक पळवाट काढली. म्हटले, नाना, भरताला अक्कांना बोलवा. त्या यावरून आल्या, तर मी पूल लिहितो. पूल कशाला म्हणावे? ज्याच्यावर पायाचा विश्वास बसतो, त्याला.

तो दिवस उजाडला. अलीकडे आम्ही, वांगी सोलून हात काळे झालेले. पलीकडे नातवाचा खांदा धरून अक्का. अंगाने एवढ्याशा, पण आवाज असा की केळीचे घड दचकून पिकावेत. त्यांनी ओंडक्याकडे पाहिले. पाऊल ठेवले. कठड्याला हात लावला. आणि अख्खी नळी, काठ्यांसकट, शेपटासारखी त्यांच्या हातात आली!

 मग अक्का अशा हसल्या, अशा हसल्या, की हातातली नळीसुद्धा थरथरू लागली.

"नाना, तुना पूल भलता देखना शे रे! पन तो माले वळखत नही. पानी वळखस."

आणि ओंडक्यावरचे पाऊल मागे घेऊन त्या पाण्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. पाणी घोट्याएवढे, तळाची वाळू मोजता येईल इतके स्वच्छ. पण त्या पुढे सरकेनात. "आन सोड," त्या म्हणाल्या.

नानांनी ओंडक्याकडे बघावे, बहिणीकडे बघावे. एवढा खपून तासलेला पूल एका बाजूला, आणि एक शब्द दुसऱ्या बाजूला. मी फोन हातात धरून उभा, आणि माझ्या लक्षात आले की या घटकेला नकाशा मी भरतच नव्हतो. तो हा माणूस भरणार होता.

"व अक्का, पडशी ना!"

"पडनू तं तू शे ना उचलाले? सोड म्हनस ना!"

"...सुटनी," नाना पुटपुटले. मग घसा खाकरून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असे, "सुटनी! सुटनी व अक्का, मनी आन सुटनी!" आणि तो ओंडका, तो तासलेला, देखणा, चार दिवस वाहत आलेला पूल तसाच शेजारी ठेवून ते चपलांसकट पाण्यात उतरले, मधोमध जाऊन त्यांनी समोरून पाण्यात आलेल्या अक्कांचा हात धरला. दोघे तिथेच थांबले. पुढे येण्याची घाई कुणालाच दिसेना. अक्का पायाच्या बोटांनी वाळू उकरत होत्या, आणि नाना, केळीच्या भावावरून व्यापाऱ्याला घाम फोडणारे नाना, मान खाली घालून ती वाळू पाहत होते.

"भाऊ," पाण्यातूनच ते मला म्हणाले, "लिखा. उतार लिखा."

मी लिहिले. लिहिताना वाटले, आपण आयुष्यभर एकमेकांसाठी पूल तासत बसतो. आणि आपल्या माणसाला बहुधा एवढेच हवे असते की कुणीतरी अर्ध्या पाण्यापर्यंत यावे.