एमादीदी गोलाच्या खांबांना हात का लावते

डुमरबेड्यात कुणाचं वाईट चिंतायचं असेल, तर आधी त्याच्याबद्दल हळहळतात. म्हणून पोरींच्या स्पर्धेसाठी मैदानावर भरलेल्या बैठकीत इग्नेस कुल्लू म्हणाला, "एमादीदीचा गुडघा गेलाय, यंदा तिला गोलात उभं करून त्रास कशाला द्यायचा?" तेव्हा माझे कान टवकारले. हा माणूस सख्ख्या आईला विहिरीवरून पाणी आणू देतो आणि चुलतबहिणीच्या गुडघ्यासाठी कासावीस होतो?

एमादीदी म्हणजे एमेरेन्सिया कुल्लू. देशाच्या हॉकी संघाची गोलकीपर होती, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती गोलात कशी गेली, ते मात्र कुणी सांगत नाही. लहानपणी पोरी बांबूच्या काठ्या तासून खेळायच्या. हिच्या वाट्याला काठी आली नाही. "उंच आहेस, जा, तिकडं उभी राहा आणि अडव," असं सांगून तिला दोन दगडांच्या मध्ये ढकललं. पायाला पेंढा भरलेली पोती बांधून ती उभी राहिली, ती राहिलीच. मग जिल्ह्याचं वसतिगृह, मग शिबिरं, मग निळा शर्ट. बरीच वर्षं राखीव म्हणून बाकावर बसवली. शिबिरात शहरातल्या पोरी तिच्या पाठीमागे हसायच्या, "ही जंगलातली खांबांशी बोलते." पुढे कोरियाविरुद्ध पहिली गोलकीपर जखमी झाली, हिला आत ढकललं, आणि पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर हिच्या पायांवर आपटून परत गेले. त्यानंतर कुणी हसलं नाही. गुडघा फुटेपर्यंत तो गोल तिचाच होता. गुडघा फुटल्यावर तिला एका बोळात उभ्याउभ्या सांगितलं, की आता ये तू. ती रेल्वेची नोकरी सोडून गावी आली आणि बापाचं शेत कसायला लागली.

लग्न नाही, मूल नाही. आमच्यात अशा लेकीला ती जिवंत असेपर्यंत बापाचं शेत कसता येतं. ती मेली किंवा निघून गेली, की ते चुलतभावाचं. शेत सडकेला लागून आहे आणि चुलतभाऊ म्हणजे इग्नेस. आता कळली ना गुडघ्याची कळकळ?

गेल्या उन्हाळ्यात इग्नेसचे दोन्ही बैल मेले. तेव्हापासून कुजबूज सुरू झाली. बाई चेंडू अडवते तसं बैलाचा श्वासही अडवते म्हणे. सामन्याआधी दोन्ही खांबांना हात लावून पुटपुटते, ते मंत्राने बांधणं असतं म्हणे. बाजारात इग्नेसच्या बायकोने, सलोमीने, एमादीदी समोरून येताना कडेवरच्या पोराचं तोंड पदरात झाकलं. मी विचारलं, "काय गं, ऊन लागतंय का पोराला? सावलीत उभी आहेस तू."

"नाही बिरसीदीदी, धूळ आहे."

"धूळ तुझ्या नवऱ्याच्या तोंडातून उडतेय. त्याचं तोंड झाक."

'डाकीण' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तोच तर कावा आहे. उघड बोललं तर पोलीस येतात, पंचायतीत साक्षीपुरावा लागतो. कुजबुजीला तोंड नसतं, पण एखाद्या रात्री तिला हात फुटतात. पलीकडच्या गावात एका बाईचं काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि इग्नेसला एमादीदी गोलात का नको होती, तेही मला उमगलं. आमच्या पोरींच्या स्पर्धेचं बक्षीस खस्सी, म्हणजे खच्ची केलेला बोकड. तो त्याच दिवशी कापायचा आणि गावातल्या प्रत्येक घराला वाटा द्यायचा. एक घर जरी सुटलं, तरी गावाला आजार लागतो, असं मानतात. आणि वाटा देते गोलकीपर. जी वाचवते ती वाटते. डाकिणीच्या हातचं तर कुणी खात नाही. मग इग्नेसने काय करायचं?

मी एमादीदीच्या अंगणात जाऊन तावातावाने म्हणाले, "खेळू नकोस. अडवलंस तर म्हणतील मंत्राने अडवलं. सोडलंस तर म्हणतील मंत्र तुटला. दोन्हीकडून तूच मरतेस."

ती पॅडचा पट्टा शिवत होती. "पेनल्टी स्ट्रोकला असंच असतं. डावीकडे झेपावलं तर समोरची उजवीकडे मारते, उजवीकडे झेपावलं तर डावीकडे."

"मग काय करतेस?"

"हलत नाही. तिला आधी हलू देते."

"आणि ते खांबांशी काय बोलतेस, ते तरी सांग एकदा लोकांना!"

"वेडी आहेस का? पाठीला डोळे नसतात, म्हणून हात लावून बघते मी कुठं आहे ते. आणि पुढच्या पोरींची नावं घेते, ऐन वेळी चुकीचं नाव ओरडायला नको म्हणून." ती दोरा तोडत हसली. "पण हे सांगितलं की म्हणतील, बघा, हिला नावं बांधायची विद्या येते."

अंतिम सामना केंदूटांडच्या पोरींशी होता. एमादीदी लंगडत गोलात गेली. एरवी या वेळेला ढोल वाजत असतो, त्या दिवशी ढोलकऱ्याचा हात थांबला. तिने आधी उजव्या, मग डाव्या खांबाला हात लावला आणि ओठ हलवले. माझ्यामागे कुणीतरी थुंकलं. मी वळून बघितलं तर सगळे आभाळाकडे बघत होते.

आम्ही एका गोलने जिंकलो. शेवटी केंदूटांडची पोरगी एकटीच चेंडू घेऊन आली, एमादीदी बाहेर धावली आणि त्या फुटक्या गुडघ्यावरच आडवी झाली. चेंडू तिच्या छातीवर लागला. कळवळली ती. मंत्र येत असता तर छाती कशाला पुढे केली असती? पण हे विचारायचं कुणाला?

हार घातलेला बोकड मिरवत गावात आणला. मांस शिजलं. पाहन, म्हणजे गावचा पुजारी, घराघराचं नाव पुकारत होता आणि एमादीदी सालवृक्षाच्या पानांच्या द्रोणात वाटा घालून देत होती. लोक घेत होते. काही जण तिच्या बोटांना बोट लागणार नाही, असे घेत होते. मी प्रत्येकाकडे बघून ठेवलं. इग्नेसचं नाव शेवटी आलं.

"खाली ठेव, घेतो," तो म्हणाला.

एमादीदीने द्रोण पुढे धरला आणि तशीच उभी राहिली.

"मला भूक नाही."

"भूक नाही म्हणे!" त्याची आई, मोनिकाकाकी, मागून म्हणाली. "सकाळपासून रश्शाचा वास काढत फिरतोय मेला."

लोक हसले. इग्नेस हसला नाही. पाहन म्हणाला, "घर सोडता येत नाही, इग्नेस. का घेत नाहीस, ते सांग. सगळे आहेत इथं."

तो शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसला. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, पण एमादीदीने माझ्याकडे असं बघितलं, की मी दात आवळले. ती हलली नाही. द्रोणातून रस्सा मनगटावर ओघळत होता, गरम असणार, तरी हलली नाही. इग्नेसने पाहनकडे बघितलं, आईकडे बघितलं, सलोमीकडे बघितलं. सलोमी जमिनीकडे बघत होती.

मग त्याचा हात हलला. द्रोण घेतला. "इथंच खा, गार होईल," एमादीदी म्हणाली. त्याने खाल्लं. गिळलेलंही मी पाहिलं, गळ्याची गाठ वरखाली होईपर्यंत नजर हलवली नाही.

हातचं खाल्लं, आता 'डाकीण' म्हणायची सोय राहिली नाही. शेत एमादीदीकडेच आहे, यंदा तिने मडुआ, म्हणजे नाचणी, पेरलीय. परवा मी बांधावर बसले होते. इग्नेस लोटा घेऊन आला, तोंडभर हसत, "दीदी, ऊन फार आहे, पाणी पी."

एमादीदीने लोटा घेतला नाही. कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आधी तू पी, भाऊ," ती म्हणाली.