एकशे सदतीस नंबरचा ठसा

हेन्री गोम्सचं काम सांगायला सोपं नव्हतं. मनोरीला गावात कुणी विचारलंच, तर तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे एवढं सांगून गप्प बसायचा. त्याची बायको एमिलिया मात्र सांगायची, की हेन्री मशीनची ओळख पटवतो. ती चेष्टेने म्हणायची, पण काम खरोखर तेच होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत निर्मळ डेटा सर्व्हिसेस नावाची कंपनी होती. लहान दवाखाने, लॅब, पतपेढ्या यांची माहिती ती आपल्या सर्व्हरवर सांभाळायची. असे दोनशे चौदा सर्व्हर काचेआडच्या थंड खोलीत रांगेने उभे होते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायचं तर एसएसएच नावाच्या वाटेने जावं लागतं, आणि त्या वाटेवर प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते. त्या किल्लीचा ठसा म्हणजे त्रेचाळीस अक्षर-आकड्यांची एक ओळ. नव्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडायला गेलं की पडदा ती ओळ दाखवतो आणि विचारतो, या मशीनला मी ओळखत नाही, विश्वास ठेवू का? जगातली बहुतेक माणसं ओळ न वाचता हो म्हणून मोकळी होतात. एकदा हो म्हटलं की पडदा पुन्हा विचारत नाही.

हेन्री वाचायचा. त्याने अठरा वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती आणि ती कंपनीत टिकली होती. नवा सर्व्हर आला की एकाने थंड खोलीत जाऊन त्या मशीनसमोर उभं राहायचं, तिच्या स्वतःच्या पडद्यावरचा ठसा इंटरकॉमवर मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने बाहेर टेबलाशी बसून, आपल्या पडद्यावर तोच येतोय का ते अक्षरागणिक ताडून बघायचं. मग रजिस्टरमध्ये ओळ लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या.

टेबलाशी बसायची सुलक्षणा घाडी. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर लालबागची खोली सोडून ते सगळे कांदिवलीला आले. ती डेटा एन्ट्रीला लागली होती, हेन्रीने तिला या कामावर घेतलं. इंग्रजी अक्षरं इंटरकॉमवर नीट ऐकू येत नसत, म्हणून दोघांनी स्टेशनांची नावं लावली होती. मोठी अंधेरी म्हणजे कॅपिटल ए, छोटी कांदिवली म्हणजे स्मॉल के, मग सात, मोठा मुलुंड, छोटं घाटकोपर. एक्स अक्षराला स्टेशन सापडेना, तेव्हा सुलक्षणा म्हणाली, त्याला फुली म्हणा. त्रेचाळीस अक्षरं वाचायला आणि तिने उलट वाचून दाखवायला सहा-सात मिनिटं जायची. जाणारे-येणारे हसायचे. लोकल चुकली की काय गोम्स, म्हणायचे. पण अठरा वर्षांत त्या रजिस्टरमधली एकही ओळ चुकीची निघाली नव्हती. हेन्री याबद्दल कुणाजवळ बोलत नसे. त्याला ते ठाऊक होतं, तेवढं त्याला पुरे होतं.

डिसेंबरात नवा साहेब आला, चैतन्य. तिशीतला, हुशार, वागायला वाईट नाही. त्याने हेन्रीला बोलावून सांगितलं, की अंकल, दर महिन्याला पंधरा-वीस मशीन येणार आहेत, हे स्टेशनांचं प्रकरण आता पुरे. सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या आपोआप गोळा होतील, यादी आपोआप सगळीकडे जाईल, अशी व्यवस्था करा. तुम्ही जूनमध्ये रिटायर होताय, त्याआधी तुमच्याच हातून होऊ दे. सोपा उपायही त्याने सांगितला. एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, सगळ्या पत्त्यांवर जाऊन किल्ली मागेल, जी मिळेल ती यादीत टाकेल. दोन मिनिटांचं काम.

हेन्री सहसा साहेबाला उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "दार ठोठावून नाव विचारायचं आणि आतला जे सांगेल ते खरं धरायचं, तर विचारायचं कशाला?"

चैतन्य हसला आणि म्हणाला, बरं, तुमच्या पद्धतीने करा.

हेन्रीने त्याच्या पद्धतीने केलं. प्रत्येक सर्व्हरला मागच्या बाजूला देखभालीचं वेगळं पोर्ट असतं. ती वाट त्या एका मशीनशिवाय दुसरीकडे कुठे जात नाही. त्याने स्क्रिप्टला त्या वाटेने आत धाडलं, म्हणजे ठसा मशीनच्या पोटातूनच यावा. आलेला ठसा रजिस्टरशी जुळला तरच यादीत जावा. त्यासाठी सुलक्षणा रोजचं काम सांभाळून तीन आठवडे रजिस्टरमधल्या ओळी टाइप करत बसली. आपलं काम संपवणारंच काम आपण करतोय हे तिला कळत होतं. ती एकदाच म्हणाली, "सर, हे झालं की मी काय वाचू?" हेन्रीने सांगितलं, की तो चैतन्यशी बोलेल, तिला दुसरीकडे घ्यायला लावेल. तो बोलला नाही. बोलणार होता.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी त्याने स्क्रिप्ट पहिल्यांदा सगळ्या सर्व्हरवर चालवली. अडीच मिनिटांत निकाल आला. दोनशे तेरा जुळले. एक जुळला नाही.

एकशे सदतीस.

आधी त्याला वाटलं टाइप करताना चूक झाली असेल. त्याने रजिस्टर काढलं. ओळ सुलक्षणाच्या अक्षरात होती, टाइप केलेलीही तीच होती. तारीख अकरा ऑगस्ट. ती तारीख त्याने दोनदा वाचली.

अकरा ऑगस्टला सकाळी अकराला त्याला फोन आला होता. एमिलियाला दवाखान्यात हलवलंय, श्वास लागतोय. तो तसाच निघाला, कुणाला सांगितलंही नाही. हजेरी सकाळी लागलेलीच होती. दुपारी तीनला तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसला असताना सुलक्षणाचा फोन आला. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या बॅकअपसाठी नवा सर्व्हर लागलाय, आज संध्याकाळपर्यंत चालू व्हायलाच पाहिजे, दुसरं कुणी बसायला तयार नाही. काय करू? आत यंत्र बीप करत होतं. हेन्री म्हणाला, "तू बघ. माझीपण सही करून टाक." आणि फोन ठेवला. चौदा तारखेला एमिलिया गेली. तो फोन नंतर त्याच्या लक्षातही राहिला नव्हता.

सुलक्षणाने त्या दिवशी टेबलावर बसून पडद्यावर आलेला ठसा उतरवून घेतला आणि दोन सह्या केल्या. ती एकटी उठून थंड खोलीत जाऊ शकली असती, मशीनसमोर उभं राहून ओळ बघून येऊ शकली असती. पण अठरा वर्षांत ती कधी आत गेली नव्हती. आत हेन्री सर असायचे. वाचणारा एक आणि ऐकणारी एक, असंच ते काम तिच्या डोक्यात बसलेलं होतं. वाचणारा नसेल तर वाचायचं तिला सुचलंच नाही.

हेन्री आत गेला. एकशे सदतीस दिमाखात उभं होतं, नवं, आणि आतून कोरं. त्याच रॅकच्या तळाशी एक जुनं मशीन होतं, त्याच्यावर काढायचं म्हणून चिठ्ठी चिकटवलेली. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. नव्याला जुन्याचाच पत्ता दिला होता, जुन्याची नोंद आधीच खोडली होती, आणि जुनं बंद करायचं कुणीतरी विसरलं होतं. आठ महिने त्या पत्त्यावर जुनंच मशीन उत्तर देत होतं. लॅबच्या बॅकअपच्या प्रती त्याच्यावर जात होत्या. नऊ डिसेंबरला त्याची डिस्क भरली, तेव्हापासून एकही प्रत उतरली नव्हती. प्रत निघतेय एवढंच पडद्यावर दिसायचं. ती पोचतेय का ते बघणारी तपासणी नव्या मशीनसाठी लावायची राहून गेली होती.

त्याने तासाभरात चैतन्यला सगळं सांगितलं. अकरा ऑगस्टच्या फोनचं सोडून. लॅबवाले कंपनीच्या भरवशावर तीन महिन्यांपलीकडचे रिपोर्ट स्वतःकडून पुसत होते. दीडेक महिन्याचे रिपोर्ट कुठेच उरले नव्हते. त्यातली एक बाई, गाठीचा डिसेंबरातला रिपोर्ट मोठ्या डॉक्टरला दाखवायचाय म्हणून, लॅबला रोज फोन करत होती. हे चैतन्यने सांगितलं. हेन्रीने तिचं नाव विचारलं नाही. पण त्या रात्री त्याला ती एमिलियाच्या आवाजात बोलताना ऐकू येत राहिली.

शुक्रवारी मीटिंग झाली. चैतन्य होता, एचआरची मानसी लिहून घ्यायला होती, आणि टेबलाच्या पलीकडे सुलक्षणा. चैतन्यने आधी हेन्रीचं कौतुक केलं, की अंकलनी हट्ट धरला म्हणून हे सापडलं, वरच्यांनाही तसं कळवलंय. साधी स्क्रिप्ट लावली असती तर जुन्याच मशीनचा ठसा पुन्हा आला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. मग त्याने रजिस्टर उघडून हेन्रीपुढे सरकवलं. हेन्रीच्या सहीला शेवटी एक लांब शेपूट असायचं. इथे ते नव्हतं.

"अंकल, ही सही तुमची आहे?"

"नाही," हेन्री म्हणाला.

ते खरंच होतं. पुढचं वाक्यही त्याच्याजवळ तयार होतं, मीच तिला सांगितलं होतं फोनवर. ते तोंडापर्यंत आलं. त्याआधी मानसीचं पेन चाललं, आणि चैतन्य सुलक्षणाकडे वळला.

"मग कुणी केली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

सुलक्षणाने हेन्रीकडे बघितलं नाही. ती टेबलाकडे बघत राहिली, आणि लगेच उत्तर दिलं नाही. एसीचा आवाज येत होता. कुणालाही बोलायचं असतं तर बोलता आलं असतं, इतका वेळ ती थांबली.

मग म्हणाली, "कुणाला नाही."

हेन्रीला आपल्या न बोलण्याची नंतर बरीच कारणं सापडली. नुकतंच झालेलं कौतुक होतं. जूनचा निरोपसमारंभ होता. एमिलियाचा तो दिवस त्या टेबलावर मांडावा लागला असता. पण ती सगळी नंतरची. त्या वेळी तो फक्त घाबरला होता.

संध्याकाळपर्यंत सुलक्षणाचा राजीनामा घेतला. तिने डबा, पाण्याची बाटली आणि चष्म्याची केस पिशवीत भरली. जाताना ती हेन्रीच्या टेबलाशी आली आणि इंटरकॉम ठेवायच्या खणाची चावी ठेवून गेली.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर हेन्री मनोरीच्या जेट्टीवरून बोटीने मार्व्याला आला आणि रिक्षाने कांदिवलीला गेला. दार तिच्या मुलीने, स्वरदाने उघडलं. ती बारावीला होती. सर आलेत, म्हणून तिने आत सांगितलं आणि पुस्तक घेऊन शेजारी निघून गेली. सुलक्षणाने चहा टाकला. तिचा नवरा बाहेरगावी ट्रकवर असे. घरात दोघंच होती. ती नेहमीसारखीच बोलली, फक्त हसली नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी नवीन नोकरी शोधायची म्हणजे कुठे काय सांगणार, म्हणाली. स्टेशनांची नावं ओळीने येतात, म्हणून सांगू?

हेन्रीने कप हातात धरून ठेवला होता. शेवटी म्हणाला, "मी खोटं बोललो नाही गं."

"नाही बोललात. माका म्हायत आसा." रागावली की तिच्या तोंडी मालवणी यायची. मग ती पुन्हा नीट बोलली. "मी थांबले होते, सर. तुम्ही बोलाल म्हणून. मनात आकडे मोजले. आठपर्यंत."

"उद्या सांगतो चैतन्यला. सगळं."

"सांगा. पण माझ्यासाठी नको. मला आता तिथे यायचं नाही." ती उठून त्याच्या हातातला थंड झालेला कप घेऊन गेली. आतून म्हणाली, "एमिलियाबाई गेल्या त्या दिवसांत तुम्हाला त्रास नको म्हणून केलं होतं. तेवढं लक्षात ठेवा."

सोमवारी त्याने सांगितलं. उभ्याने, एका दमात, मध्ये थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून. चैतन्यने ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अंकल, लॅबला लेखी गेलंय. जबाबदार व्यक्तीला काढलं म्हणून. आता दुसरं नाव पाठवू? तुमच्याच सिस्टिमवर तर सगळं उभं केलंय मी वरच्यांपुढे."

"पाठव," हेन्री म्हणाला.

चैतन्यने पाठवलं नाही. त्याच्यावर ओरडलाही नाही. तुम्ही थकलाय, दोन दिवस सुट्टी घ्या, एवढंच म्हणाला.

हेन्रीने सुट्टी घेतली नाही. मे महिनाभर त्याची व्यवस्था एकदाही अडखळली नाही. नवं मशीन आलं की आपला ठसा आपणच कळवायचं, यादी सगळ्या सर्व्हरवर जायची, जुन्या मशीनची किल्ली काढल्या दिवशीच रद्द व्हायची. कुणाला उभं राहावं लागत नव्हतं, कुणाला ऐकावं लागत नव्हतं. त्या यादीत पत्ता, ठसा आणि तारीख असे तीन रकाने होते. कोण होतं आणि कुणी सांगितलं, याला जागा नव्हती. ती हेन्रीनेच ठेवली नव्हती. लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

जूनमध्ये रजिस्टर रद्दीत काढायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात एक दिवस तो रजिस्टर काखेत घेऊन थंड खोलीत गेला आणि एकशे सदतीसच्या पडद्यासमोर उभा राहिला. ठसा हळूहळू, मोठ्याने वाचायला लागला. छोटं घाटकोपर, नऊ, मोठी कांदिवली, फुली. दर चार अक्षरांनी तो सवयीने थांबत होता. इंटरकॉम बंद होता.

मग त्याने अकरा ऑगस्टच्या ओळीखाली खरा ठसा लिहिला. त्याच्या खाली लिहिलं: वरची सही माझी नाही, पण ती माझ्या सांगण्यावरून झाली आहे. हेन्री गोम्स. सहीला लांब शेपूट ओढलं. शेजारचा, ऐकणाऱ्याच्या सहीचा रकाना त्याने मोकळा सोडला.

रजिस्टर रद्दीच्या पोत्यात गेलं. पोतं रद्दीवाल्याने त्याच दिवशी उचललं.