शिंगाच्या रंगातला शिक्का

२३ ऑगस्ट १९८४. पोळा तीन दिवसांवर होता आणि मी घर सारवत होते. नवरा दाढी करता करता म्हणाला, "आज तेवीस नाही का व? तुह्या अंगणवाडीच्या अर्जाची शेवटची तारीख?"

आजच होती. गावाला अंगणवाडी मंजूर झाली होती. सेविका गावचीच हवी, दहावी झालेली हवी. अशा आम्ही दोघीच होतो, आणि दुसरीनं अर्ज पहिल्याच आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात नेऊन दिला होता. मला पंधरा दिवस मिळाले होते. आधी धानाची रोवणी लांबली, मग निंदण आलं, मग पाहुणे. सगळं खरं आहे आणि सगळ्या सबबी आहेत. अर्ज लिहायला अर्धा तास लागतो.

राहिला होता फक्त रहिवासी दाखल्यावरचा शिक्का. सही करताना सरपंच म्हणाले होते, "शिक्का कधीबी मारून देतो वहिनी, गावातच तं आहोत." मीही विश्वास ठेवला.

त्या दिवशीसुद्धा लगेच हात धुऊन निघाले असते तर साधलं असतं. पण अर्धी भिंत तशीच कशी टाकायची म्हणून सारवण पुरं केलं आणि सकाळची गाडी घालवली. सरपंचांच्या घरी गेले तर बायको म्हणाली, "ते लाखनीले गेले, बैलाचा साज आणाले. शिक्का? तो तं त्यायच्या खिशातच रायते."

अख्ख्या गावाचा शिक्का एका माणसाच्या खिशात! आजही लिहिताना डोकं तापतं.

दुपारच्या गाडीचा टायर वाटेत बसला. लाखनीत उतरले तेव्हा तीन वाजून गेले होते. सरपंच एका दुकानात बैलांसाठी घुंगरं वाजवून पाहत होते.

"भाऊजी, शिक्का काढा."

"अवो वहिनी, शिक्का आहे, पण शाईची डबी घरी रायली ना."

"मंग आता मी काय करू?"

दुकानदारानं शिंगं रंगवायच्या लाल रंगाचा डबा पुढं सरकवला. "हे लावा ना. शिंगावरून वर्षभर जात नाही, कागदावरून काय जाते!"

सरपंचांनी शिक्का त्यात बुडवला आणि दाखल्यावर दाबला. घाईत मीही "चालते" म्हटलं, कागदांची घडी केली आणि तालुक्याची गाडी धरली. ही माझी दहावीची अक्कल.

ऑफिसात पोचले तेव्हा पाचला पंधरा मिनिटं कमी होती. घडी उघडली तर दाखला गुणपत्रिकेला चिकटलेला. ओढून सुटा केला. गावाच्या नावाच्या जागी लाल फरकाटा.

कारकुनानं तो दोन बोटांत धरला. "बाई, हा दाखला आहे का बैल?"

बाकावरची माणसं हसली.

"अर्ज ठेवून घ्या. दाखला उद्या आणून देते."

"अपुरा अर्ज घेत नाही. पंधरा दिवस काहून नाही आल्या?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच राग आला. पण सही खरी, माणूस खरा, गाव खरं, आणि अडलं ते रंगापाशी, हा कोणता न्याय? मी उभीच राहिले. पाच वाजले. त्यानं रजिस्टर मिटलं.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे. पुढल्या बारीले पाहू." कसली पुढली बारी? गावात अंगणवाडी एकच होणार होती, आणि एकदा बसलेली बाई काय दरवर्षी उठते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सरपंचांच्या अंगणात उभी होते. ते दातून करत होते.

"शिक्का घ्या, शाईची डबी घ्या अन् चला. साह्यबापुढं तुमीच सांगा, उशीर काहून झाला ते."

"अवो, पण माह्ये बैल धुवाचे आहेत!"

"बैल घरचे धुतीन."

ते धोतर बदलून येईपर्यंत मी दारातून हलले नाही. मग त्यांना सातच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर बसवलं आणि दोन तिकिटं काढली.