फळीवरची अर्धी विडी

आमच्या घराखाली माग चालतात. भवानी पेठेत अशी घरं अजून आहेत. खाली कारखाना, वर माणसं. खाली टॉवेल विणायचे, वर भाकरी थापायची. नवीन पाहुणा आला की कानांवर हात ठेवतो आणि "कसं राहता हो तुम्ही?" म्हणतो. मला त्या खडखडाटाचं कधी काही वाटलं नाही. आता मात्र वाटतं. माग चालू असले की माझं अर्धं लक्ष नाकात असतं. फोडणी घालताना, पोरीची वेणी घालताना, फोनवर बोलताना मी मध्येच थांबते आणि वास घेते. नवरा म्हणतो, "अगं, काही नाही." असेल काही नाही. मला भीती वाटते ती वाटतेच.

माझं माहेर कुंभारीचं. आई विड्या वळायची. शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आणि आईच्या सुपाशेजारी बसून विडीला दोरा बांधायचा, हा आमचा गृहपाठ. त्यामुळं विडी ओढणाऱ्याकडं बघून नाक मुरडायचा मला हक्क आहे की नाही, यावर आमच्या घरात माझ्या लग्नापासून भांडण चालू आहे. भांडण माझं आणि सासऱ्यांचं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही, असा आमचा कारभार. मी काही बोलले की मामांचं उत्तर तयार असायचं, "विड्या वळून तुझ्या आईनं तुला वाढवलं, आन तू मला शिकवतीस व्हय!"

मग मी भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापायची.

मामांची एक सवय होती. मागापाशी विडी पेटवायची नाही, हा त्यांचा स्वतःचाच कडक नियम. टॉवेल विणताना कापसाचा बारीक कचरा सगळीकडं उडत असतो, पंख्यावर, वायरींवर, माणसाच्या भुवयांवर. म्हणून लाईट गेली आणि माग थांबले की मामा बाहेर, समोरच्या कट्ट्यावर. तिथं पेठेतले बाकीचे विणकरही यायचे. लाईट आली रे आली की सगळे पळत आपापल्या कारखान्यात. मामा हातातली अर्धी विडी घेऊन आत यायचे, जिन्याखालच्या लाकडी फळीवर ती ठेवायचे आणि मागावर जायचे. पुन्हा लाईट गेली की आधी फळी, मग कट्टा. त्यात चूक व्हायची नाही. झोपेत उठवलं असतं तरी मामा आधी फळीकडंच गेले असते.

त्या फळीखाली कापसाच्या कचऱ्याची पोती असायची. गादीवाला येऊन घेऊन जाईपर्यंत तिथंच. नवी नवरी होते तेव्हा मी ते बघून किंचाळलेच होते, "मामा, पेटतील की पोती!" मामा पोट धरून हसले. "विडीवालीची पोर तू, आन विडी ओढल्याबिगर जळत न्हाई, हे तुला ठावं न्हाई?"

ठाऊक होतं. विडी ओढायची थांबवली की ती आपोआप विझते. पान असतं ते, धुमसत राहत नाही. कट्ट्यावरून दारापर्यंत येईतोवर विझलेली असायची. म्हणून फळीवर कायम दोनतीन थोटकं पडलेली बघायची मलाही सवय झाली.

मग कट्ट्याशेजारच्या समाजमंदिरात अंगणवाडी सुरू झाली. मंडळाच्या पोरांनी कट्ट्यावर धूम्रपान निषेधाची पाटी लावली. महापालिकेची माणसं येऊन दोघातिघांना दंड करून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या पोरीला दम्याचा त्रास आहे. थंडीत तिची छाती वाजायला लागली की मी अंथरुणात बसून तिचा एकेक श्वास ऐकते. गल्लीतला धूर कमी झाला तर कुठल्या आईला नको आहे?

मामांना मात्र ते लागलं. "पैसे माझे, छाती माझी, विडी माझी. सरकारचं काय जातंय?" मंडळाचा जो पुढारी पोरगा होता तो शांतपणानं म्हणाला, "मामा, धूर तुमच्या छातीतच ठेवा की मग. बाहेर सोडू नका." सगळे हसले. मीही वरच्या खिडकीत हसले. मामा म्हणाले, "बे, तुझा बाप हितंच बसून माझ्याकडनं विडी मागून घ्यायचा." आणि हट्टानं दुसऱ्या दिवशी तिथंच जाऊन बसले.

त्या पोरानं त्यांचा फोटो काढला. मागं पाटी, पुढं तोंडात विडी धरलेले मामा. 'आपल्या गल्लीचा आदर्श' असं वर लिहून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. आमच्या पोरीनं माझ्या फोनवर तो बघितला आणि आनंदानं उड्या मारत खाली गेली, "ताता, तुमचा फोटो आलाय!" ताता म्हणजे आजोबा. मामांनी फोन हातात घेतला, लांब धरून बघितला, परत दिला. त्यानंतर ते कट्ट्यावर गेले नाहीत.

मग विडी घरात आली. मागच्या मोरीतनं वास यायला लागला. मी दोन दिवस दात आवळून बसले, तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "मामा, विडीचा वास मला बंद दारातनं येतो. विड्यांच्या ढिगात वाढलीय मी. माझ्यापासनं लपवायचं नाही."

"घर माझं हाय," मामा म्हणाले.

"आणि पोरगी माझी आहे. तिला धाप लागली तर तुम्ही श्वास घेणार आहात का तिच्यासाठी?"

त्या दिवसापासून विडीचा वास बंद झाला. मला वाटलं, सोडली. मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, "बघ, म्हातारा सुधारला."

ती दुपार साधीच होती. नवरा माल पोचवायला गेला होता. खाली मामा एकटेच मागांवर. पोरगी तापातनं उठलेली, आतल्या खोलीत झोपलेली. लाईट मध्ये थोडा वेळ गेली होती, परत आली, माग सुरू झाले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. वास आला.

विडीचा नव्हता. कागद जळाल्यासारखा आधी, आणि मग तो दुसरा, जो कारखान्यात राहणाऱ्या कुणालाही सांगावा लागत नाही. जळका कापूस. घडी तशीच टाकून मी उठले. जिन्याच्या तोंडाशी आले तर खालून पांढरा धूर वर येत होता. जाळ नव्हता, नुसता दाट धूर. फळीखालचं पोतं आतल्या आत धुमसत होतं. आम्हाला खाली उतरायला तोच एक जिना. दुसरी वाट नाही. गच्चीची वाटही त्याच जिन्यातनं, आणि धूर सगळा तिकडंच चढत होता. खिडक्यांना गज.

मी ओरडले, "मामा!" चालू मागांच्या वर माझा आवाज जातो होय! मामा टोकाच्या मागावर, माझ्याकडं पाठ, धोटा इकडून तिकडं पळतोय, आणि मी गळा फाटेस्तोवर ओरडतेय. धूर घशात गेला आणि आवाजच बसला. मागनं पोरीचा खोकला ऐकू आला. देवाशप्पथ सांगते, त्या खोकल्याला घाबरले तितकी मी आयुष्यात कशालाच घाबरले नाही. तिला उचलून त्या धुरातनं खाली उतरावं तर तिची छाती. वर थांबावं तर जिना पेटणार. पायरीवर एक पाय, वर एक पाय, अशी मी नुसती उभी.

आणि मला मेन स्विच दिसला. खाली कचरा साठतो म्हणून मीटर आणि मेन स्विच आमच्याकडं वर, जिन्याच्या तोंडाशीच आहे. मी तो खाली ओढला.

माग थांबले. मला माहीत होतं, आता मामा काय करणार. लाईट गेली की आधी फळी.

धुरातनं त्यांची पावलं ऐकू आली, सावकाश, नेहमीसारखी. मग थांबली. मग "अयो!" असा आवाज आला. पुढं जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मामांनी ते पोतं दोन्ही हातांनी कवटाळून ओढलं, दारातनं फरफटत गल्लीत नेलं आणि तिथं हवा लागल्यावर ते भडकलं. मी पोरीच्या तोंडाला ओला टॉवेल लावला आणि तिला उचलून खाली पळाले. दारातलं पिंप भरलेलं होतं. पाणी रोज येत नाही म्हणून त्या पाण्याला आम्ही कुणाला तांब्या लावू देत नाही. ते सगळं पाणी मी जिन्याखाली ओतलं. सगळं.

गल्ली जमली. मंडळाचा तो पोरगा बादली घेऊन सगळ्यांच्या पुढं पळत आला. फोन त्याच्या खिशातच राहिला. "कशानं लागली?" कुणीतरी विचारलं. कुणीतरी म्हणालं, "वायर असंल." मी हो म्हणून मान हलवणारच होते.

"माझी शिग्रेट," मामा म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हात पुढं धरून उभे होते. दोन्ही तळव्यांची कातडी निघालेली.

मी पोरीला घेऊन त्यांच्याजवळ गेले. तिची धाप दम्याच्या पंपानं हळूहळू उतरत होती. मामांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाले, "विझती की गं ती. रोज विझती. आजच कशी न्हाई विझली?"

"मामा, ती विडी नव्हती. सिगरेट विझत नाही. ठेवली तरी शेवटपर्यंत जळते."

"असं व्हय," ते म्हणाले. मग लहान पोरानं सांगावं तसं, "विडीचा वास तुला येतो म्हनलीस म्हणून शिग्रेट घेतली. मोरीच्या खिडकीतनं धूर भाईर सोडायचो."

आता पोती आम्ही घरात ठेवत नाही. फळी नवऱ्यानं उपटून टाकली. गल्लीच्या ग्रुपवर मात्र रोज काथ्याकूट चालतो. एक लिहितो, घरातसुद्धा बंदी घाला. दुसरा लिहितो, उद्या श्वास घ्यायलाही परवाना काढाल. मी दोन्ही वाचते आणि मला दोघांचाही राग येतो. पाटी लावली ते बरोबरच होतं, अंगणवाडीत पोरं आहेत. पण कट्ट्यावरनं उठवलेली विडी कुठं जाऊन बसली, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मामा काही मागत नव्हते. हातांना पट्ट्या, घास मी भरवायची. पण दुपारी लाईट गेली की ते खुर्चीतनं उठायचे, जिन्यापर्यंत जायचे, जिथं फळी होती तिथं बघायचे आणि परत येऊन बसायचे. मला ते बघवेना.

शेवटी मी टपरीवर गेले. "विडीचं बंडल द्या."

टपरीवाला बघतच राहिला. "कुनासाठी, वहिनी?"

"माझ्यासाठी. का? बायकांना बंदी आहे का?"

संध्याकाळी पोरगी खाली बाबांजवळ असताना मी मामांना गच्चीवर नेलं. त्यांना पेटवता येणार नव्हती. मी त्यांच्या ओठांत विडी ठेवली, काडी ओढली. त्यांनी दोन झुरके घेतले आणि मान फिरवली.

"बास. ठेव तितं. विझंल."

मी ती कठड्यावर ठेवली. खाली माग सुरू होते. आम्ही दोघं कठड्यासमोर बसून त्या ठिणगीकडं बघत राहिलो. ती लाल होती, मग काळी पडली, मग धूरही थांबला.

"विझली," मी म्हणाले.

मामा उठले नाहीत. "हात लावून बग," म्हणाले.

मी बोट लावलं. थंड होती.

"परत एकदा बग."