मुलांसाठीचा वेगळा शब्द

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. सांगायला बसलो, की दुसरंच काही बोलून उठायचो. आता तसं उठायचाही कंटाळा आला आहे — म्हणून तुम्हाला सांगतो.

कामरगावात आमच्या घरातला मी पहिला बी.ए. त्या एका कागदावर लढाईच्या वर्षांत मला वाशीमच्या एका दवाखान्यात कारकुनी मिळाली. तिथे हेलेनाबाई नर्स होत्या. पोलंडच्या. लढाईनं घरातून हाकललेल्या. वाटेत सात वर्षांचा मुलगा हरवलेला. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. डॉक्टरांच्या सूचना मी त्यांच्या भाषेत उतरवून द्यायचो. ती भाषा त्यांनीच शिकवली — दुपारी, पेशंट ओसरले की, एका फाटक्या इंग्रजी-पोलिश डिक्शनरीवरून.

इंग्रजीतल्या साध्या 'अ लॉट ऑफ'नं मला फार दमवलं. पाणी, पीठ असेल तर 'दुझो'. वर्षं, दुःखं — तिथे भारदस्त 'व्येले'. आणि 'थोडी' म्हणायचं तर मुलांसाठी शब्दच वेगळा: 'किल्कोरो'. आमची आया गंगूबाई म्हणायची, "काहून हो बाबूजी, आपलं एक 'लय' पुरते सगळ्याले. यायले इतके शब्द कायले लागते?" हेलेनाबाईही हसायच्या. एरवी त्या हसत नसत.

मग ते इंग्रजी पत्र आलं — हरवलेल्यांचा तपास करणाऱ्या कचेरीचं. तुमचा मुलगा ज्या गाडीत होता, तिच्यातली पुष्कळ मुलं वाटेतच गेली. वाचलेल्यांची यादी अपुरी आहे, तीत त्याचं नाव अजून सापडलेलं नाही. बाई समोर उभ्या, ओले हात एप्रनला पुसत. मी काय केलं? 'पुष्कळ'च्या जागी 'किल्कोरो' लिहिलं. बाकी सगळं जसंच्या तसं.

आमच्याकडे माणूस गेलं तरी 'तब्येत जास्त आहे, निघा' एवढंच कळवतात. मी तेच केलं, असं मनाला सांगितलं. पण तो निरोप घेऊन निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत घरी पोचतो — आणि अंगणातली गर्दी त्याला खरं काय ते सांगते. बाई कुठे पोचणार होत्या? वाईट बातमीचं पत्र ठेवू नये, म्हणून मूळ पत्र मी विहिरीमागे जाऊन फाडलं. रिवाज म्हणून? की डिक्शनरी त्यांच्याकडे होती म्हणून?

माझा कागद वाचून त्यांनी 'किल्कोरो'वर बोट ठेवलं. डोळे पुसत म्हणाल्या, "शाब्बास, बाबू. शब्द बरोबर."

लढाई संपली. हिंदुस्थानात आसऱ्याला आलेले त्यांचे लोक बोटीनं दूरच्या देशाला निघाले, बाईंनाही बोलावणं आलं. बाई गेल्या नाहीत. मुलगा याच पत्त्यावर येईल, म्हणाल्या. तेव्हा तरी सांगता आलं असतं — दोन वाक्यं. पण मग कामरगावचा बी.ए. खोटा ठरला असता ना? मी कारंज्याची नोकरी धरली.

निघालो तेव्हा त्या फाटकाशी डाकेची वाट पाहत उभ्या होत्या. रोजच्यासारख्या. म्हणाल्या, "पत्र येणार. मला माझ्या भाषेत कोण सांगणार?"

मी येईन, म्हणालो.

कारंज्याहून वाशीम काही दूर नाही. मी कधी गेलो नाही.