मामांच्या फ्रीजरमधला पतंग

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणाऱ्यांची जगात एखादी संघटना असेल, तर तिचं अध्यक्षपद माझ्या मामांकडे बिनविरोध जाईल. तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनी तपासून मामा शुगर लँड गावात रिटायर झाले. तपासणं मात्र रिटायर झालं नाही. मामी एकदा म्हणाली, "मला ताप आलाय," तर यांनी दोन थर्मामीटर लावून सरासरी काढली. सध्या ती मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला आहे. विश्रांतीसाठीच गेली असावी, असा मला दाट संशय आहे.

ती गेली आणि मामांनी कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजीचा कोर्स लावला. तिथे प्रत्येकाने एक कीटक पकडायचा आणि त्याच्या अंगात सहजीवी जिवाणू राहतात का, ते डीएनएवरून तपासायचं. मामांनी पोर्चच्या दिव्यावरचा एक राखाडी पतंग कपाखाली धरला आणि मला फोन केला, "अरे, गेस्ट आलाय!" रविवारी मी जेवायला गेलो, तर फ्रीजरमध्ये मामीने चिठ्ठ्या लावून ठेवलेले डबे: 'पुरण', 'आमटी', आणि शेजारी मामांच्या अक्षरात 'पतंग. खाऊ नये.' व्हिडिओ कॉलवर मामीला ते दिसलं. "तो डबा माझा आहे!" एवढंच ती म्हणाली, पण अशा आवाजात, की मामांनी आयुष्यात प्रथमच पुरावा मागितला नाही.

टेस्टच्या दिवशी मामांना लॅबला मीच ड्राइव्ह करून नेलं. पतंगाच्या स्वतःच्या डीएनएची पट्टी ठसठशीत उमटली. जिवाणूंच्या पट्टीची जागा कोरी. शेजारच्या बाकावरच्या एकोणीस वर्षांच्या पोरीची फळमाशी मात्र पॉझिटिव्ह! "टेस्ट चुकली," मामांनी निकाल दिला. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी ती आणखी दोनदा केली. ज्या नमुन्यात जिवाणू असल्याचं आधीच ठाऊक होतं, तो दरवेळी इमानदारीत उजळला. मामांचा पतंग हटून बसला. "निगेटिव्ह इज ऑल्सो अ रिझल्ट, सर," प्रोफेसरबाई म्हणाल्या. मामांनी त्यांच्याकडे गळक्या पाइपकडे बघावं तसं बघितलं, आणि मग रिपोर्टात सुवाच्य अक्षरात लिहिलं: नॉट फाउंड.

त्या शेवटच्या टेस्टनंतरही मीच त्यांना गाडीतून घरी आणत होतो.

"मामा, सोडा ना. एक पतंग तर होता."

"तसं नाही रे. हे जिवाणू आईच्या अंड्यातून पिल्लाकडे जातात म्हणे. जन्मभराची सोबत." ते खिडकीबाहेर बघत होते. "याच्यात कोणीच नव्हतं. बिचारा एकटाच होता."

एरवी मी टोमणा मारला असता. त्या संध्याकाळी जमलं नाही.

"आज तुमच्याकडेच राहतो, मामा."

"कशाला?" ते म्हणाले. आणि घराचं कुलूप उघडताना, "गाद्या वरच्या कपाटात आहेत."